एसी चांगला आहे

“मग माझ्याकडं काहून आला?”

दौलत उस्तादांनी मान वर केली नाही. मांडीवर एका जुन्या कूलरची मोटर होती. तिच्या तारांच्या वेटोळ्यावरून ते अंगठा फिरवत होते.

“तुम्ही फक्त एकदा चला, उस्ताद,” हर्षल म्हणाला. “तिथं येऊन सांगा.”

“काय सांगू?”

“एसी चांगला आहे म्हणून.”

“हाय का?”

“आहे. मी स्वतः तपासला. तीनदा गेलो.”

“अन् घरचे काय म्हणतात?”

“खोली थंड होत नाही म्हणतात.”

उस्तादांनी मोटर बाजूला ठेवली. हर्षल म्हणाला, “त्यांना सांगून पाहिलं. पटत नाही त्यांना. तुमचं नाव शहरात आहे. तुम्ही म्हणालात तर पटेल.”

“हं,” उस्ताद म्हणाले आणि चपला शोधू लागले.

अकोल्यातले मे महिन्याचे दिवस होते. सकाळचे दहा वाजले की रस्ते ओस पडायचे. दुकानदार शटर अर्धं ओढून आत बसायचे आणि नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. अशा दिवसांत या शहरात डॉक्टरच्या खालोखाल कुणाची वाट पाहिली जात असेल, तर ती एसी दुरुस्त करणाऱ्याची.

दौलत इंगळे त्यातले सगळ्यांत जुने. जुन्या शहरात त्यांचं एका खणाचं दुकान होतं, बाहेर पाटी नव्हती. फ्रीज, कूलर, एसी, जे येईल ते त्यांनी उभ्या आयुष्यात उघडून पाहिलं होतं. वय सत्तरीकडं झुकलेलं. कॉम्प्रेसरजवळ कान लावून लावून डावा कान पार गेला होता आणि उजवाही फक्त जवळचं ऐकायचा. त्यामुळं ते कुणाशीही बोलायचं तर अगदी शेजारी जाऊन बसत. शिडीवर चढणं त्यांनी सोडलं होतं. शहरातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळेच त्यांना उस्ताद म्हणत.

हर्षल ताथोड हा त्यांच्या शिष्यांतला सगळ्यांत तल्लख. आयटीआय झाल्यावर त्यांच्याकडं आला तो सात-आठ वर्षं राहिला. मग गोरक्षण रोडला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. काचेचं दार, वर दिव्यांची पाटी. हाताखाली चार माणसं, आणि त्या चौघांनी त्याला कधी ‘नाही’ म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याच्याकडं आकडे दाखवणारी नवी यंत्रं होती. गॅसचा दाब, विजेचा करंट, हवेचं तापमान, सगळं पडद्यावर दिसायचं. हर्षलनं ‘झालं’ म्हटलं की झालं, असं गिऱ्हाईक म्हणत. त्याला ते ऐकायला आवडायचं. त्यात वावगंही काही नव्हतं, कारण बहुतेक वेळा खरंच झालेलं असायचं.

पोहरेबाईंच्या घरी मात्र होत नव्हतं.

पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं जाळ्या धुतल्या, बाहेरचं युनिट पाण्याच्या फवाऱ्यानं साफ केलं. दुसऱ्यांदा गॅस तपासला. पुरेसा होता, कुठं गळती नव्हती. तिसऱ्यांदा त्याला वाटलं, एसी चालू होऊन थोड्याच वेळात थांबतो, तर खोलीचं तापमान ओळखणारा सेन्सर गेला असेल. त्यानं नवा सेन्सर टाकला. एसी तसाच चालू होत राहिला, तसाच थांबत राहिला. मग त्यानं सांगून टाकलं, “काकू, एसीत काही दोष नाही. वर स्लॅब आहे, पश्चिमेची भिंत आहे. एवढ्या उन्हात तो तरी काय करणार? मोठा एसी घ्या.”

काल त्या बाईंचा फोन आला होता. आवाज चढलेला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, “हर्षलभाऊ, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा.”

ते ‘जमत नसेल’ त्याला रात्रभर टोचत राहिलं.

“तुमची हत्याराची पिशवी?” स्कूटर चालू करताना हर्षलनं विचारलं.

“तू हायेस ना,” उस्ताद म्हणाले आणि मागं बसले.

पोहऱ्यांचं घर रणपिसे नगरात, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना उस्ताद दोनदा थांबले. दार उषाताईंनी उघडलं. साठीच्या बाई. केस घाईनं बांधलेले, पदर कमरेला खोचलेला, हातात ओला पंचा. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मागं वळून आतल्या खोलीकडं पाहिलं. जणू तेवढ्या वेळातही तिथं काही होईल.

“हे माझे उस्ताद,” हर्षल म्हणाला. “यांच्याकडूनच मी शिकलो. तुम्ही यांनाच विचारा आता.”

“या,” उषाताई म्हणाल्या. “कुणी का करेना, पण करा काहीतरी.”

आतली खोली लांबट होती. दारातून शिरलं की डावीकडच्या आखूड भिंतीवर उंच एसी, तोंड खोलीच्या लांबीकडं. त्याच्या समोर, दोनेक हातांवर, एक लोखंडी कपाट. कपाटावर गाद्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या, छताला टेकतील इतक्या, आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून एक जुनी चादर टाकलेली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, दवाखान्यात असते तशी वरखाली होणारी खाट. मधली जागा चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी ठेवलेली.

खाटेवर वृषाली होती. उषाताईंची एकुलती मुलगी. शाळेत व्यायामशिक्षिका होती, खो-खोचे संघ तयार करायची. दिवाळीच्या सुट्टीत मूर्तिजापूर रस्त्यावर तिची स्कूटर घसरली आणि पाठीचा कणा दुखावला. तेव्हापासून छातीच्या खाली तिला काही कळत नव्हतं.

“हिला घाम येत नाही,” उषाताई सांगू लागल्या. त्यांनी हे इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता शब्द आपोआप येत होते. “डॉक्टर म्हणाले, आपलं अंग स्वतः थंड होतं, हिचं होत नाही. खोली जेवढी तापेल तेवढी ही तापेल. म्हणून एसी हवाच. गेल्या आठवड्यात दुपारी ताप चढला, डोळे फिरवले तिनं. उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. बर्फात ठेवली. आणि इथं हा एसी दिवसभर चालू…”

“चालूच आहे, काकू. तेच म्हणतोय मी,” हर्षल म्हणाला.

त्यानं रिमोट घेतला. एसी सुरू झाला, झडप उघडली. बाहेरच्या गॅलरीत कॉम्प्रेसर घुरघुरला. त्यानं स्टूल ओढलं, वर चढला, आपली यंत्राची पेटी सवयीनं कपाटावरच्या गाद्यांवर ठेवली. ती जागा नेमकी हाताशी यायची. मागच्या तिन्ही वेळेला त्यानं पेटी तिथंच ठेवली होती. मग त्यानं तापमान मोजायची दांडी एसीच्या तोंडाशी धरली आणि यंत्राचा पडदा उस्तादांकडं वळवला.

“बारा डिग्री. याहून थंड हवा कोणता एसी देतो, सांगा.”

उस्तादांनी चष्मा वर करून आकडा वाचला.

“बरोबर हाय,” ते म्हणाले.

हर्षलनं उषाताईंकडं पाहिलं. पंचा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

सगळे थांबले. एसी चालत होता… थोड्या वेळानं बाहेरची घुरघुर थांबली.

“हे बघा,” हर्षल स्टुलावरून उतरत म्हणाला. “कॉम्प्रेसर बंद झाला. म्हणजे खोली थंड झाली. थंड झाली की तो थांबतो. त्याचं कामच आहे ते.”

उस्ताद त्याच्याकडं पाहत होते. एसीकडं नाही, त्याच्या तोंडाकडं.

“खोली थंड झाली?”

“हो.”

“मग तुला घाम काहून येऊन राहिला?”

हर्षलनं कपाळाला हात लावला. हात ओला झाला. कानशिलावरून एक ओघळ मानेपर्यंत आला होता, त्याला कळलंही नव्हतं.

“जिना चढून आलो ना…” तो म्हणाला.

जिना चढून बराच वेळ झाला होता.

उस्तादांनी ते स्टूल उचललं आणि खोलीच्या त्या टोकाला, खाटेशी नेऊन ठेवलं. हळूच बसले. उजवा कान वृषालीच्या बाजूला येईल असे वळले.

“तू सांग, माय.”

“तिला दुपारी जास्त त्रास होतो,” उषाताई मागून म्हणाल्या. “दोननंतर. सकाळी तेवढं…”

“तुमचं ऐकलं, ताई,” उस्ताद म्हणाले. “आता हिचं ऐकतो.”

उषाताई थबकल्या. वृषालीनं आईकडं पाहिलं, मग या अनोळखी म्हाताऱ्याकडं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ कोरडे होते.

“मला काय कळतं एसीतलं?” ती म्हणाली.

“जोरात बोल जरा. हा एकच कान हाय.”

“म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही.”

“तुझ्याइतका वेळ त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही,” उस्ताद म्हणाले. “मी आता आलो. हा आला की अर्ध्या तासात जाते. तू तर रोज पाहते.”

हर्षलच्या मनात आलं, ही बाई आता काय सांगणार? खरं म्हणजे तीन वेळा येऊन तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. बोलायचं ते उषाताईंशी. ती खाटेवर आहे एवढं त्याला माहीत होतं. वळताना खाटेला धक्का लागू नये म्हणून तो जपायचा, बस तेवढंच.

“तो चालू झाला ना,” वृषाली म्हणाली, “की त्या गाद्यांवरच्या चादरीची कड उडते. फडफड करते. मी पडल्या पडल्या तेच बघत असते.”

“हं.”

“पण हा पडदा हलत नाही.” तिनं डोळ्यांनीच खिडकीचा पडदा दाखवला. “एकदाही हलला नाही. मला खाली काही कळत नाही, पण चेहऱ्याला कळतं. वारा इथपर्यंत येतच नाही. तिकडं कुठंतरी फिरतो आणि मग बंद होतो.”

उस्तादांनी मान हलवली. मग उषाताईंना म्हणाले, “ताई, घरात उदबत्ती असेल?”

उषाताईंनी देवघरातून उदबत्ती आणली. पेटवून त्या उस्तादांना देऊ लागल्या. उस्तादांनी हर्षलकडं बोट दाखवलं.

“त्याला द्या.”

हर्षलनं ती घेतली. उस्तादांनी स्टूल रिकामं केलं, ते एसीखाली गेलं. हर्षल पुन्हा वर चढला. आता त्याच्या हातात यंत्र नव्हतं, नुसती उदबत्ती होती, आणि त्याला ते थोडं ओशाळवाणं वाटलं.

“तोंडापाशी धर,” उस्ताद म्हणाले.

उषाताईंनी रिमोटवर तापमान आणखी खाली नेलं. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. हर्षलनं उदबत्ती झडपेसमोर धरली.

धूर सरळ समोर गेला. दोन हात गेला आणि गाद्यांवर आपटला. चादरीची कड उडाली. धूर गाद्यांना धरून वर चढला, छताला टेकला, आणि छताखालून सरपटत मागं आला. हर्षलच्या डोक्यावरून. एसीच्या वरच्या अंगाला जिथून तो खोलीतली हवा ओढतो, तिथं आत गेला.

हर्षलनं उदबत्ती हलवली नाही. धूर पुन्हा तसाच गेला, पुन्हा तसाच आला.

त्यानं स्वतः बसवलेला नवा सेन्सर नेमका त्या जागी होता. जाळीच्या मागं, जिथं धूर आत शिरत होता. सेन्सरला थंड हवा लागत होती, म्हणून तो सांगत होता, खोली थंड झाली. जुनाही हेच सांगत असणार. दोन्ही सेन्सर खरं तेच बोलत होते.

“आता इकडं ये,” उस्ताद म्हणाले.

हर्षल खाली उतरून खाटेशी गेला. वृषालीच्या उशीपाशी त्यानं उदबत्ती धरली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. कुठं वळला नाही, कुठं हलला नाही. बाहेर कॉम्प्रेसर चालू होता.

वृषाली त्या धुराकडं बघत राहिली.

हर्षलला आधी बरं वाटलं. नंतर कधी त्याला ते आठवलं की तो स्वतःशीच चरफडायचा, पण त्या क्षणी त्याला बरंच वाटलं. छातीवरचा दगड उतरला. एसी चांगला होता. तो म्हणत होता तसंच होतं.

“बघा काकू,” तो म्हणाला, “म्हणजे एसीत काही नव्हतंच. तुमच्या या कपाटामुळं सगळं…”

त्यानं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद कपाटाजवळ गेले होते. त्यांनी त्याच्या एका कडेला हात घातला होता आणि ते हर्षलची वाट पाहत उभे होते.

“धर,” ते म्हणाले.

“थांबा,” उषाताई म्हणाल्या. “कपाट कुठं नेता?”

“भायेरच्या खोलीत, ताई.”

“तिथं जागा नाही. आणि या गाद्या?” त्या पुढं आल्या. “अपघात झाला तेव्हा माणसं मुक्कामाला यायची. हिच्या शाळेतल्या बाया, हिच्या खो-खोच्या मुली, माझी भावंडं. रात्री जागायला दोघी-तिघी असायच्या. तेव्हाच्या गाद्या या. परत कुणी आलं तर हाताशी असाव्यात म्हणून…”

“आता कोणी येत नाही, आई,” वृषाली म्हणाली.

तिनं ते नेहमीच्या आवाजात सांगितलं. आज भाजी कोणती आहे, असं सांगावं तसं.

“येतील ना. सुट्ट्या आहेत आता…”

“आल्या तर बाहेरून आणता येतील. जाऊ दे ते कपाट. मी तुला मागंच म्हणाले होते.”

“केव्हा?”

“होळीच्या सुमारास. ऊन वाढायला लागलं तेव्हा. म्हणाले होते, गाद्या काढ, त्याच्या तोंडावर येतात. तू म्हणालीस, तू नको त्या गोष्टींचा विचार करू, झोप.”

उषाताईंनी आठवून पाहिलं. आठवलं असावं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि लेकीच्या पावलांवरची चादर नीट करू लागल्या. ती नीटच होती.

“न्या,” त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

गाद्या हर्षलनं एकट्यानं उतरवल्या. खांद्यावर घेऊन बाहेर नेल्या, दिवाणाखाली सारल्या. धुळीनं त्याचा पांढरा शर्ट मातकट झाला. शेवटची गादी उचलताना त्याची यंत्राची पेटी गडगडत खाली आली. तिचा पत्रा अजून गार होता. त्यानं ती कोपऱ्यात ठेवली.

कपाट मात्र हलेना. उस्ताद एका बाजूनं हात लावत होते, पण त्यांचा जोर तो किती! दाराशी आल्यावर ते अडकलं. हर्षलनं आधी ढकललं, मग ओढलं. बोटाचं सालटं निघालं.

“असं नाही जाणार,” वृषाली खाटेवरून म्हणाली.

दोघांनी तिकडं पाहिलं.

“चौकट तिरकी आहे. आणलं तेव्हा मी इथं पडून बघितलंय. वरचा भाग आधी बाहेर काढा, तुमच्या डाव्या हाताकडून. खालचा नंतर.”

हर्षलनं कपाट वाकवलं.

“एवढं नाही. थोडं मागं या. हं, आता थांबा. उस्ताद, तुम्ही सोडा, तुमच्या पायावर येईल. आता पुढं… सरळ नाही, तिरकं… आता.”

तिचा आवाज मैदानावरचा होता. महिनोन्‌महिने तो या खोलीत कुणी ऐकला नव्हता. उषाताई मान वळवून तिच्याकडं बघत राहिल्या. हर्षलनं सांगितलं तसं केलं, आणि कपाट दारातून बाहेर गेलं.

मग बसायचं होतं फक्त.

एसी चालू होता. उस्ताद भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. हर्षल उभा राहिला, मग तोही बसला. सवयीनं त्याचा हात दोनदा पेटीकडं गेला. पहिल्यांदा त्यानं तो मागं घेतला. दुसऱ्यांदा दांडी बाहेर काढलीसुद्धा, तोंडाशी जाऊन आकडा बघावा म्हणून. उस्तादांचे डोळे मिटलेलेच होते. हर्षलनं दांडी पुन्हा पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

त्याला पहिल्यांदाच जाणवलं की ही खोली किती तापलेली आहे. भिंतीला पाठ टेकली तर भिंत तव्यासारखी. इतके दिवस तो इथं आला होता तो वरच, स्टुलावर, थंड हवेच्या तोंडाशी उभा राहून. काम झालं की उतरून निघून गेला होता. इथं खाली बसून त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

कॉम्प्रेसर थांबला नाही. मघाशी जेवढ्या वेळात थांबला होता तेवढा वेळ झाला, त्याहून जास्त झाला, तरी घुरघुर चालूच होती. उषाताई एकदा उठून पाणी घेऊन आल्या. कुणी प्यायलं, कुणी तसंच हातात धरलं.

खिडकीच्या पडद्याची खालची कड हलली.

वृषालीनं पाहिलं. हर्षलनंही पाहिलं. पडदा पुन्हा स्थिर झाला आणि पुन्हा हलला, या वेळी थोडा जास्त.

उषाताई पुढं सरकल्या. त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग गालावर, मानेवर ठेवला. तो पंचा त्यांनी खाटेच्या दांडीवर वाळत टाकला.

आणखी बराच वेळ गेला. उस्तादांना डुलकी लागली होती, की ते नुसतेच बसले होते, ते हर्षलला कळेना. ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं. दुपारचे दोन वाजून गेले होते, रोज ज्या वेळेची या घराला भीती वाटायची ती वेळ.

“आई,” वृषाली म्हणाली.

“काय गं? काय होतंय?”

“खांद्यावर चादर टाक जरा.”

उषाताई लगेच उठल्या नाहीत. मग त्या उठल्या, पायाशी घडी घातलेली पातळ चादर उलगडली आणि तिच्या खांद्यांवर घातली. दोन्ही बाजूंनी खोचली. तोंड भिंतीकडं करून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत भांड्याचा आवाज आला, नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्यांनी पन्हं करून आणलं. उस्तादांनी दोन ग्लास घेतले. तिसऱ्याला नाही म्हणताना त्यांनी पोटावर हात ठेवून दाखवलं. वृषाली हसली.

निघताना हर्षल खाटेशी आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. वाटेत जिन्यावर म्हणावं असं ते नव्हतं, इथंच म्हणायला हवं होतं. पण ते काही तोंडातून येईना.

“ताई,” तो शेवटी म्हणाला, “पंखा… एसीचा पंखा तुम्हाला किती वेगात लागतो? चेहऱ्यावर फार येतो का वारा?”

वृषालीनं त्याच्याकडं पाहिलं. या माणसानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“दोनवर बरा वाटतो,” ती म्हणाली. “तीनवर डोळे कोरडे होतात.”

“मग झडप जरा वर करतो. छताला लागून हवा येईल. तोंडावर नाही येणार. तुम्ही सांगा कुठं थांबवायची.”

तो रिमोट घेऊन उभा राहिला. ती म्हणाली, “आणखी,” म्हणाली, “जास्त झाली,” म्हणाली, “हं, इथं.” तिथंच त्यानं ती थांबवली.

उस्ताद तोवर जिन्यात गेले होते. पायात चपला घालायला वाकत होते. हर्षल मागून आला, त्यानं त्यांना हात दिला. दोघं खाली फाटकाशी आले. रस्ता पांढरा पडला होता, एक कुत्रं गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलं होतं. हर्षलनं स्कूटरच्या सीटवर रुमाल टाकला, कारण सीट भाजत होती.

किल्ली फिरवायच्या आधी तो थांबला. मागं वळून उस्तादांच्या उजव्या कानापाशी आला.

“मी खोटं नव्हतो बोललो, उस्ताद.”

उस्तादांनी मान हलवली. बोलला नव्हतास, अशा अर्थानं.

“एकही आकडा चुकीचा नव्हता. मला खरंच वाटत होतं, खोली थंड झाली…”

उस्ताद मागच्या सीटवर नीट बसले. हर्षलच्या खांद्यावर हात ठेवला.

“हाव,” ते म्हणाले. “एसीलाही तसंच वाटत होतं.”